पाण्याची हाळी

पौषातल्या ऐन दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, आमच्या नदीला पाणी यायचे. वर सह्याद्रीच्या माथ्यावर कुठेतरी मोठी तळी होती. ती आम्ही कधी पाहिली नव्हती. त्यांतले पाणी जाडजूड लोखंडी नळांतून कडा उतरून भिवपुरीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वीजघरात यायचे, तिथली चाके फिरवायचे आणि मग काम आटोपलेल्या गड्यासारखे शांतपणे नदीत उतरायचे. चाके फिरू लागली की तास-दीड तासात आमच्या गावाखालच्या उतारावर, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागी, घोट्याइतके पाणी कमरेएवढे होई. कधी सकाळी, कधी दुपारी. त्याची वेळ काही ठरलेली नसे. या पाण्याला काठावरच्या कुणी कधी नावे ठेवल्याचे मला आठवत नाही. उन्हाळ्यात साऱ्या मुलखातले ओढे हाडासारखे पांढरे पडत तेव्हा आमच्या मळ्यांत दुधी लटकत असे, माठाची पाने लालचुटूक असत, ती त्याच्याच जिवावर. फक्त ते येते आहे हे वेळेवर कळायला हवे, एवढेच.

आणि ते कळायचे. नदीच्या वरच्या अंगाला, काठाला टेकून एक वाडी होती. तिथली सोमीबाय पाण्याचे तोंड सर्वांत आधी पाही आणि हाळी देई. ‘पानी’ एवढे आखूड, ‘आलं’ लांबवलेले आणि शेवटचा ‘हो’ गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा उंच फेकलेला. ती हाळी आमच्या घरामागच्या काळ्या कातळावर उभी राहून माझी पारूआत्या झेलायची आणि पुढे फेकायची. मग खालच्या गावातून एका पुरुषाचा घोगरा, दमदार आवाज उठे. त्याचे तोंड मी आयुष्यात कधी पाहिले नाही. पण त्याच्या आवाजावरून त्याला पडसे झाले आहे की नाही हे मी सांगू शकले असते. त्याच्याही पुढे कुणी असेल. मग काठावरच्या बाया शांतपणे धुणे उचलत, गुराखी म्हशींना बाहेर काढत, आणि नदी रिकाम्या झालेल्या अंगणात यावी तशी भरत यायची. या कामावर कुणी कुणाला नेमले नव्हते. आत्याने ते कुणाकडून घेतले, हे तिला विचारायचे माझे राहूनच गेले.

आत्या माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेल्यावर माहेरी परतली ती कायमची. तिच्या देहात एवढा आवाज कुठे मावत होता हे कोडेच होते, कारण ती वीतभर रुंद, वाळक्या शेंगेसारखी बाई होती. कोंबड्यांना बोलावले तर शेजारच्या चार घरच्या कोंबड्या आमच्या अंगणात गोळा होत. आबांना शेतातून जेवायला हाक मारली तर पलीकडच्या काठावरची माणसेसुद्धा जेवायला उठत, असे आई म्हणायची. “वन्सं, मी हितंच चुलीपाशी हाय गं बाई,” कानावर हात ठेवून आई तक्रार करी. आणि आत्या आवाज खाली आणायचा म्हणून जो आणी, तो इतरांचा ओरडण्याचा आवाज असे. तिच्या हातचे वालाचे बिरडे मात्र फार मवाळ असायचे. रात्रभर भिजवून मोड आणलेले वाल ती एकेक करून सोलायची; गूळ, आमसूल आणि ओल्या खोबऱ्यात ते शिजू लागले की त्यांचा कडवट-गोड वास माजघरातून पडवीपर्यंत दबकत यायचा. तांदळाची भाकरी थापताना तिच्या बांगडीविना हातांचा ठप-ठप आवाज, तिचे जात्यावरचे गाणे, कोंबड्यांवरचे ओरडणे आणि मधूनच कातळावरून सुटणारी हाळी, हे सारे मिळून आमचे घर होते. ते बंद पडू शकते, असे मला कधी वाटलेच नव्हते.

त्या वर्षी मी दुसरीत होते आणि आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत निकमबाई नव्याने आल्या होत्या. त्या साताऱ्याकडच्या. ताठ चालायच्या, पदर पिनेने खांद्यावर पक्का लावायच्या, आणि त्यांच्या पिशवीत गुंडाळलेले एक मोठे रंगीत चित्र होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते भिंतीवर टांगले. वर सुरेख वळणदार अक्षरांत लिहिले होते : ‘आपले मदतनीस’. खाली पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, परिचारिका आणि लाल बंबावर उभा असलेला आग विझवणारा. पोलीसपाटलांचा बाळू, जो वर्गात सर्वांत मागे बसून सर्वांत पुढे बोलत असे, त्याने बोट दाखवून विचारले, “बाई, ह्यो कोन?”

“हा आग विझवणारा. आग लागली की गाडी घेऊन येतो.”

“आमच्याकडं नाय येत.”

“मग तुमच्याकडे आग लागली तर कोण विझवतं?”

“सगळीच की!” बाळू म्हणाला. बाई मोकळेपणी हसल्या. त्या हसण्याने आम्ही त्यांचे झालो.

बाईंचे म्हणणे असे की चित्रातली माणसे चित्रात पाहून कळत नाहीत, ती कामावर असताना पाहायला हवीत. म्हणून त्या आम्हाला नेऊ लागल्या. कर्जतच्या पोस्टात एका दयाळू गृहस्थांनी आम्हा प्रत्येकाला रद्दी कागदावर एकेकदा शिक्का मारू दिला. त्या शिक्क्याचा ‘धप्प’ आवाज, शाईचा काळा, तेलकट वास आणि डिंकाची आंबूस चव (कारण आम्ही डिंक चाखलाच) माझ्या जिभेवर अजून आहे. दवाखान्यात नर्सबाईंनी आमच्या कानांत नळ्या घालून आम्हाला आमचीच छाती ऐकवली. स्वतःच्या आत इतके काही चालू आहे आणि आपल्याला पत्ताच नाही, याचे मला त्या दिवशी जे आश्चर्य वाटले ते पुढे कितीही पुस्तके वाचून ओसरले नाही. घरी परतताना आम्ही रस्त्यात भेटेल त्या प्रत्येकाला ‘तुम्ही कोणाचे मदतनीस?’ असे विचारत होतो. एक टांगेवाला म्हणाला, “घोड्याचा.”

मग एका सकाळी बाईंनी सांगितले, की आता आपण आपल्याच गावातला एक मदतनीस निवडायचा, त्याला शाळेत बोलावायचे आणि सर्वांनी मिळून त्याला नारळ आणि फूल द्यायचे. वर्गात जणू लग्नघर उभे राहिले. बाळूने अर्थातच वडिलांचे नाव सांगितले. कुणी सुईणीचे, कुणी आठवड्यातून दोनदा येणाऱ्या पोस्टमनचे. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून म्हणाले, “माझी आत्या.” मला यात शंकाच नव्हती.

“काय करते तुझी आत्या?”

“हाळी देते.”

“बाई, ती नुसती बोंबलते!” मागून बाळू ओरडला. “आमची म्हैस सुदीक दचकून दूध चोरते.”

वर्ग खदखदला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खरोखरच समजून घ्यायचे म्हणून विचारले, “हाळी देते म्हणजे नेमकं काय करते, इंदू?” आणि मी, जिने ती हाळी जन्मल्यापासून ऐकली होती, जिला तिचा प्रत्येक चढउतार पाठ होता, तिला उत्तरच सापडेना. समोर चित्रातले कडक इस्त्रीचे पोलीस आणि पांढरेशुभ्र डॉक्टर उभे होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आत्या, ओचा खोचलेली, तोंड वासून कातळावर उभी. मी म्हणाले, “ओरडते.” हसण्याचा मोठा लोट उठला. त्या लोटात मीही हसले. एवढ्या वर्षांनंतर हे लिहिताना बाळूच्या बोलण्याचे मला काही वाटत नाही. ते माझे हसणे मात्र कागदावर ठेवायला हात अडतो.

नदीकाठच्या गावात गोष्टी धुण्याच्या दगडावर आधी पोहोचतात. दुसऱ्या दिवशी बाळूच्या आईने, पाटलीणबाईंनी, कपडे आपटता आपटता आत्याला ऐकवले, “काय पारूबाय, तुझ्या भाचीनं साळंत नाव काढलं म्हनं तुझं! वरडनारी आत्या!” आत्या घरी आली, पिळ्यांचे घमेले खाली ठेवले आणि माझ्यासमोर बसली.

“इंदे, मी वरडते व्हय गं?”

तिने हे हळू विचारले. तिला हळू बोलता येते हे मला तेव्हा प्रथम कळले. मी मान खाली घातली.

“बरं,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून कातळ मुका झाला. वरून सोमीबायची हाळी येई, आत्या हातातले काम न सोडता ती ऐके आणि तशीच बसून राही. आबा कळवळून म्हणाले, “आक्का, अगं लोक वाट बघतात.” आत्या म्हणाली, “डोळं हायत की लोकांना. बघतील.” जात्यावरचे गाणे थांबले. कोंबड्यांना ती नुसती मूठ उघडून दाणे दाखवू लागली आणि त्या बिचाऱ्या मान वाकडी करून तिच्याकडे पाहत राहत. आमच्या घरात इतकी शांतता झाली की भाकरी फुगताना तव्यावर होणारा सुस्कारा ऐकू येई. नदीवर कुणाचे पातळ वाहून गेले, कुणाचा तांब्या गेला. मधली कडीच निखळल्यामुळे खालच्या गावाचा घोगरा आवाजही उठेना. चौथ्या दिवशी त्या गावाहून आलेला एक पेंढा विकणारा आमच्या अंगणात थांबून आबांना म्हणाला, “आमच्या तात्यांनी इचारलंय, तुमच्याकडच्या बायला बरं नाय का?” आत्या आत वाल सोलत होती. तिचे हात थांबले, पण ती बाहेर आली नाही.

पुढच्याच दिवशी आमची सहल वीजघराची होती. आईने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी भरली. आत्याने डब्यावर फडके बांधून गाठ मारली आणि एक शब्द न बोलता माझ्या हाती दिला. तिने नेहमीसारखे ‘नीट जा गं’ असे ओरडून, साऱ्या आळीला कळवून मला निरोप द्यावा, म्हणून मी दारात उगाच घोटाळले. ती चुलीकडे वळली.

सकाळच्या गार उन्हात नदी ओलांडून, वालाच्या हिरव्या शेतांतून आम्ही चालत गेलो. वीजघर आतून पाहिले तेव्हा मला देवळात शिरल्यासारखे वाटले. उंच छत, आरशासारखी फरशी आणि सगळीकडून येणारी एक खोल, अखंड गुणगुण, जी कानांपेक्षा तळपायांना अधिक ऐकू येत होती. चष्मा लावलेले एक हसतमुख साहेब आम्हाला सारे समजावून सांगत होते. एक लहानसे यंत्र चालू होते, मोठी शांत उभी होती, तेवढ्यात टेलिफोनची घंटा वाजली. साहेबांनी ऐकून घेतले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “चला, तुमचं नशीब थोर. मुंबईला वीज हवी आहे. आता बघा हं, मुलांनो.” एका माणसाने एक चाक फिरवले. आधी काहीच झाले नाही. मग फरशी थरथरली, गुणगुण जाड झाली, चढत चढत गेली, आणि आमच्या अनवाणी पावलांतून ती पोटात शिरली. आम्ही आनंदाने टाळ्या वाजवल्या.

“आणि हे पाणी मग कुठे जातं?” बाईंनी आमच्यासाठी विचारले.

“नदीत!” साहेब म्हणाले. आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या.

पस्तीस मुले होतो आम्ही, सगळी नदीकाठची, पाण्याच्या हाळीवर वाढलेली. त्यांतल्या एकाच्याही मनात आले नाही, की ज्याला आपण टाळ्या वाजवतो आहोत ते आता आपल्याच वाटेने आपल्या गावाला निघाले आहे. आज याचे हसू येते. पण आमच्या लेखी पाणी कुणी ‘सोडत’ नसे, ते ‘येत’ असे. पाऊस येतो, पाहुणा येतो, तसे. आणि ते यायचे म्हणजे सोमीबायच्या तोंडून. चाक फिरवणाऱ्या माणसाशी त्याचा काही संबंध असेल हे आम्ही डोळ्यांनी पाहिले तरी आमच्या मनाला ठाऊक नव्हते. बाईंचे तर बोलायलाच नको. त्यांच्या गावच्या नदीला पाणी येण्याआधी आभाळ काळे होत असे.

नदी तिथून निघाल्यावर मोठा वळसा घेते आणि पायवाट शेतांतून सरळ कापत येते. एका चिंचेखाली बसून आम्ही डबे खाल्ले आणि तिथून निघालो. आम्ही आणि पाणी एकाच गावाकडे चाललो होतो, ते वळशाने आणि आम्ही आडवाटेने, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. रेंगाळू नये म्हणून बाईंनी आम्हाला जोडीजोडीने हात धरायला लावून पाढे म्हणायला सांगितले होते. उंचीमुळे माझी जोडी बाळूशी पडली होती, आणि आम्ही दोघे एकमेकांचे फक्त एकेक बोट धरून चालत होतो. आठाचा पाढा मोठ्या तालात चालला होता. त्या गजरात वरून सोमीबायने हाळी दिली असली तरी आमच्यापर्यंत ती पोहोचली नसणार. आणि कातळावरून तर काही येणारच नव्हते.

आम्ही उताराच्या मध्यावर होतो. पुढच्या जोड्या जवळजवळ पलीकडे पोहोचल्या होत्या, मागच्या अजून वाळूत होत्या. बाई एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून मधल्या दगडावर उभ्या राहून मुले मोजत होत्या. त्या वेळी मला नदी ऐकू येईनाशी झाली. हे कसे सांगावे? उथळ पाणी दगडागोट्यांतून वाहताना अखंड बडबडत असते, आपल्याला त्याची इतकी सवय असते की ते ऐकूच येत नाही. पाणी वर चढू लागते तेव्हा ते आधी बारक्या दगडांना गिळते, आणि त्यांची बडबड एकेक करून बंद होते. आत्या मला कातळावर बसवून म्हणायची, “दगडं बोलायची थांबली का आपुन बोलायचं.” माझ्या घोट्यांना एकाएकी गार लागले. उन्हाने तापलेल्या उथळ पाण्याचा गारवा वेगळा. हा अंधाऱ्या नळांतून, डोंगराच्या पोटातून आलेला गारवा होता.

मी बाळूचे बोट सोडले. “बाई, पाणी,” मी म्हणाले.

“पलीकडे गेल्यावर पी हं. रांग सोडायची नाही.”

पाढा चालूच होता. मी कातळाकडे पाहिले. त्याच्यावर कुणी नव्हते. मला आजही आठवते, भीती मला पाण्याची वाटली नाही. ओरडण्याची वाटली. पस्तीस मुलांसमोर, बाईंसमोर, तोंड वासून, तशीच, तिच्यासारखी. मग गार पाणी पोटरीवर चढले आणि माझे तोंड उघडले.

पहिली हाळी फाटली. ‘आलं’पाशी आवाज चिरकला आणि कुणीतरी हसलेसुद्धा. मी डोळे मिटले, श्वास घेतला आणि दुसरी दिली. आखूड ‘पानी’, लांब ‘आलं’, आणि शेवटचा ‘हो’ जितका उंच जाईल तितका. आणि मग जे झाले ते मला कुणी विचारू नये, कारण ते कुणी ठरवून केले नाही. पाढा मधेच तुटला. काठावरच्या मुलांचे पाय हाळी ओळखतात. ती मुले वीजघराच्या फरशीवर हे विसरली होती, पण पाण्यात उभी असताना विसरली नाहीत. पुढची पुढे आणि मागची मागे धावली. एकट्या बाई दगडावर तशाच उभ्या, ‘रांग, रांग!’ म्हणत. त्यांचा हात धरून ज्याने त्यांना ओढले तो बाळू होता. “बाई, पळा!” तो ओरडत होता, “ती सांगतीय ना, पळा!” आम्ही तिघे वाळूत येऊन पडलो तेव्हा बाईंची एक चप्पल वाहून चालली होती, आणि ज्या दगडावर त्या मुले मोजत होत्या त्याच्यावरून पाणी काचेसारखे, आवाज न करता घसरत होते.

आणि तेवढ्यात कातळावरून ती आली. पाच दिवस कोंडून ठेवलेली, माझ्या चिरक्या हाळीला उचलून खांद्यावर घेतल्यासारखी, साऱ्या खोऱ्यावरून वाहत जाणारी आत्याची हाळी. तिच्या पाठोपाठ खालच्या गावातून तात्यांचा घोगरा आवाज इतका तत्परतेने उठला, की पाच दिवस तो माणूस तोंड उघडूनच बसला असावा. अर्धा वर्ग पलीकडे, अर्धा अलीकडे, मधे कमरेएवढी नदी. सगळी मुले मोजून झाली. पस्तीस.

आत्या हातात विळा घेऊन धावत पलीकडच्या काठावर आली. तिने आमच्याकडे पाहिले. “कोन वरडली गं ती?” तिने पाण्यावरून विचारले.

“मी.”

तिने विळा कमरेला खोचला. मग म्हणाली, “गळ्यातनं वरडलीस. पोटातनं वरड फुडच्या टायमाला.”

पुढे मी सभांतून कविता वाचू लागले तेव्हा आवाज कुठे शिकलात, असे मला काही जणांनी विचारले आहे. मी काहीतरी सभ्य उत्तर देते. आत्याने त्या काठावरून दिलेला तो एक धडा सोडला तर मला कुणी काही शिकवलेले नाही.

पाणी उतरेपर्यंत आम्ही अलीकडच्या वाळूत बसलो. वालाच्या शेतातून कुणीतरी शेंगा आणल्या, मडके आणले, आणि भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा भाजायची पोपटी लागली. तिचा खरपूस धूर डोळ्यांत जात असताना अलीकडची सगळी मुले एकदम बाईंना हाळी समजावून सांगू लागली. सर्वांत जास्त बाळू. “बाई, ती वरची देती, मंग आत्या देती, मंग खालचा तात्या. आत्या नाय तर कायपन नाय!” बाई गरम शेंग फुंकत ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मी तुला विचारलं होतं, ती नेमकं काय करते. आता कळलं.”

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आमच्या घरी आल्या. आत्या म्हणाली, “मी साळंत येऊन काय करू? मला सही सुदा येत नाय.” बाई म्हणाल्या, “सही नको. मुलांना तुम्हाला बघायचंय, बस्.” या वेळी नाव सुचवायला वर्गात एकट्या माझाच नव्हे, सगळ्यांचे हात वर झाले होते.

शनिवारी सकाळी आत्या धुवट लुगडे नेसून आली आणि बाईंच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली, खुर्ची मोडेल अशी भीती असल्यासारखी. बाळूने तिच्या हातात नारळ दिला. मी फूल दिले. ते घेताना तिने माझी बोटे क्षणभर आवळली, एवढेच. बाई तिच्याविषयी चार वाक्ये बोलल्या आणि मग उत्साहाच्या भरात म्हणाल्या, “आत्या, मुलांना एकदा हाळी ऐकवता?”

आत्या गोंधळली. “हितं? उगाच?”

“उगाच कसं? आमच्यासाठी. एकदाच.”

आत्याने आमच्याकडे पाहिले. पस्तीस तोंडे उघडी. ती उठली, खोली लहान पडेल म्हणून दारात गेली, नारळ काखेत मारला आणि हाळी दिली. पोटातून.

खोलीच्या कौलांतून धूळ पडली. मग काठावरची धुण्याची थापटणी थांबली. सगळी, एकाच वेळी. मग आरडाओरडा उठला, ‘उचला गं, उचला!’, म्हशींचे रेकणे, घंटांचा खडखडाट, धावत्या पायांचा आवाज. आणि खालून तात्यांनी हाळी उचलली. त्यांच्याही पुढे आणखी एक आवाज उठला, जो आम्ही आजवर कधी ऐकलाच नव्हता. आणि त्याच्याही पुढे, अगदी पुसट, आणखी एक. कुठवर गेली ती, देव जाणे. वरून सोमीबायचाही आवाज आला, अचंबित, चौकशी करणारा. कारण पाणी तिला चुकवून खाली गेलेच कसे?

बाई पांढऱ्याफटक पडल्या. “अहो, त्यांना परत कळवा ना, पाणी नाही म्हणून!”

आत्याने विचार केला. “तशी हाळी नाय आमच्यात,” ती म्हणाली.

थोड्याच वेळात शाळेच्या अंगणात बायाच बाया झाल्या. डोक्यावर गळणारी धुणी, हातांत न धुतलेल्या कढया, काखेत ओली पोरे. पाटलीणबाई सर्वांत पुढे, केसांना शिकेकाई तशीच, फेस कानांवरून ओघळतो आहे. त्यांनी मागे वळून नदीकडे पाहिले. नदी घोट्याएवढी, उन्हात खिदळत होती.

“पारूबाय!” पाटलीणबाई धापा टाकत म्हणाल्या, “कुठाय पानी?”

आत्या शाळेच्या दारात ताठ उभी होती. तिने काखेतला नारळ दुसऱ्या काखेत घेतला.

“येल की,” ती म्हणाली. “येल तवा सांगन.”